शस्त्रक्रियेनंतर लहान मुलाचे दुखणे आणि खेळ : मूल खेळते म्हणजे त्याला दुखत नाही असे समजावे का?

राजेंद्रनगरची सून (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. डाव्या मूत्रपिंडातून मूत्रनलिका जिथे निघते, तो भाग त्याला जन्मापासूनच अरुंद होता आणि त्यामुळे मूत्रपिंड फुगत चालले होते. सहा दिवसांपूर्वी तो भाग कापून नव्याने जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. कुशीत जेमतेम दोन इंचांचा छेद आहे आणि आत स्टेंट म्हणून एक बारीक नळी ठेवली आहे, जी चारेक आठवड्यांनी पुन्हा थोडी भूल देऊन काढायची आहे. परवा आम्हाला घरी सोडले. शस्त्रक्रियेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती उत्तम झाली असे सगळे सांगतात.

अडचण वेगळी आहे. हा मुलगा पलंगावर बसून आपल्या खेळण्यातल्या कचरागाडीशी तासभर रमतो. ओला कचरा इकडे, सुका तिकडे, असे स्वतःशी बडबडत असतो, आणि त्या तासाभरात एकदाही दुखते म्हणत नाही. मग लघवीची वेळ झाली की अंग ताठ करतो, कुशीवर हात दाबतो, पाय दुमडून घेतो आणि इतका रडतो की शेजारचे दार उघडून पाहतात. रात्री दोनदा-तीनदा उठून कण्हतो. सासूबाईंचे म्हणणे असे की खेळताना जे दुखत नाही ते लघवीलाच कसे दुखेल, मुलाला लाडाची सवय लागली आहे. त्या मनाने वाईट नाहीत, शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, पण हे वाक्य त्या त्याच्यासमोर बोलतात आणि तो माझ्या तोंडाकडे बघतो.

दुसरे असे की रुग्णालयात पहिली पट्टी बदलताना चौघांनी त्याला धरून ठेवले होते. मला बाहेर थांबायला सांगितले. तेव्हापासून पांढरा कापूस दिसला तरी तो पलंगाच्या कोपऱ्यात सरकतो. आता स्टेंट काढायला त्याच इमारतीत परत जायचे आहे.

खेळाने दुखणे खरोखर कमी होते, की मूल ते तेवढ्यापुरते विसरते, आणि या दोन्हींत फरक तरी आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. आणि पुढच्या फेरीसाठी खेळातून त्याची तयारी कशी करावी, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर फार बरे होईल.

जुनी सिस्टर

सूनबाई, तुमच्या सासूबाईंचा तर्क मी मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एकतीस वर्षे ऐकला, आणि तो केवळ आज्यांकडूनच ऐकला असे मुळीच नाही. मोठ्या माणसाचे दुखले की तो खेळत नाही, म्हणून जो खेळतो त्याचे दुखत नाही, असे आपण धरून चालतो. लहान मूल दुखत असतानाही खेळते, कारण खेळण्यावाचून त्याच्याजवळ दुसरा उद्योग नसतो. फक्त तो कसा खेळतो हे पाहावे लागते. दुखणारे मूल एकाच जागी बसून, एकाच हाताने, दुखरी बाजू न हलवता खेळते. तुमचा मुलगा गाडी उजव्या हाताने ढकलतो की दोन्ही हातांनी, आणि गाडी लांब गेली तर ती आणायला वाकतो की तुम्हाला हाक मारतो, एवढे आज बघा. उत्तर तिथेच मिळेल.

आम्ही वॉर्डात पाच गोष्टी पाहून दुखण्याचा अंदाज घ्यायचो : चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणे, आणि समजूत काढली की मूल शांत होते का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे आणि दहापैकी बेरीज करायची. ही पद्धत अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तयार झाली आणि १९९७ साली प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या, नीट सांगता न येणाऱ्या मुलांसाठी ती आहे, आणि मुळात शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठीच ती बेतलेली आहे. तुम्ही लिहिलेल्या लघवीच्या वेळच्या वर्णनात ताठ अंग, दुमडलेले पाय आणि मोठे रडणे हे सगळे आलेले आहे. हे लाड नव्हेत.

चार वर्षांच्या मुलाला स्वतःलाही विचारता येते, मात्र 'फार दुखते का' असे विचारू नका, कारण त्याला तो हो म्हणेल किंवा तुमचा चेहरा पाहून नाही म्हणेल. चार चकत्यांची एक जुनी पद्धत आहे, जिच्यात एक चकती म्हणजे दुखण्याचा एक तुकडा. मी त्यासाठी चिंचोके वापरायची. चार चिंचोके त्याच्यासमोर मांडा आणि सांगा, हा एक म्हणजे थोडेसे दुखणे आणि हे चारही म्हणजे सगळ्यात जास्त दुखणे, तर आत्ता तुझ्याजवळ किती आहेत? मुले हे फार गंभीरपणे करतात. एका मुलीने मला तीन चिंचोके दिले आणि वर सांगितले की हे तुम्ही घेऊन जा, मला नकोत. (घरात रांगते भावंड असेल तर चिंचोके मोजून परत डब्यात ठेवा, नाकातोंडात जाणारी वस्तू आहे.)

आता लघवीबद्दल. आत स्टेंट असला की त्याचे टोक मूत्राशयाला टोचत राहते, म्हणून लघवीच्या शेवटी कळ येते, आणि लघवी करताना थोडा दाब नळीतून वर मूत्रपिंडाकडे जातो म्हणून कुशीतही दुखते. त्या भीतीने मूल लघवी धरून ठेवते, मग लघवी गडद होते, अधिक जळजळते, आणि भीती खरी ठरते. हे चक्र तोडायला खेळ उत्तम उपयोगी पडतो. त्याला कमोडवर बसवा, पाय लोंबकळू न देता खाली पाट द्या, आणि हातात साबणाच्या फुग्यांची डबी द्या. फुगा मोठा यायचा तर श्वास लांब आणि सावकाश सोडावा लागतो. श्वास कोंडून कुंथताना जे स्नायू आवळले जातात, ते लांब फुंकर घालताना सैल पडतात. मुलाला यातले काही सांगायची गरज नाही, फुगा फुटायच्या आत दुसरा सोडायचा एवढेच सांगा. हेच फुगे छातीसाठीही चांगले, कारण कुशीत टाके असले की मुले वरवर श्वास घेतात आणि खोल श्वास टाळतात.

गाडीचे वेड आहे ते तर सोन्याहून पिवळे. त्याला नर्मदेच्या पाण्याचा टँकर करा. घरात चार ठिकाणी छोटे पेले ठेवा, टँकर प्रत्येक ठिकाणी दोन घोट भरून घेईल आणि दर दोन तासांनी रिकामा होईल. पाणी भरपूर गेले की लघवी पातळ होते आणि जळजळ कमी होते. शौचाला कडक होऊ देऊ नका, आतडे भरलेले असले की मूत्राशयाची कळ वाढते, हे घरची माणसे हमखास विसरतात.

एक मात्र सांभाळा. खदखदून हसवू नका आणि गुदगुल्या तर अजिबात नकोत. पाहुणे येतात, मुलाला हसवायला माकडचेष्टा करतात, टाके ताणले जातात आणि मूल हसता हसता रडू लागते. खोकला किंवा हसू आलेच तर कुशीवर छोटी उशी दाबून धरायला शिकवा.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे आणि याच शहरात शिकलो. सिस्टरांनी जे सांगितले त्यापलीकडे फार थोडे उरते, पण 'कमी होते की विसरते' या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फार नेमका आहे.

जखमेतून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जशाच्या तसा पोचत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, ते कमी-अधिक उघडते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते लोटू शकतात. त्यांच्या मांडणीतील काही तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. २०१२ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी निरोगी प्रौढांच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता देत असतानाच त्यांना लक्षात ठेवण्याचे एक अवघड काम दिले आणि मज्जारज्जूची प्रतिमा घेतली. मन कामात गुंतलेले असताना वेदनेला मिळणारा प्रतिसाद मज्जारज्जूच्या पातळीवरच घटलेला दिसला. अफूच्या वर्गातील औषधांचा परिणाम रोखणारे नालोक्झोन दिले तेव्हा हा फायदा बराच कमी झाला, म्हणजे शरीराने स्वतः तयार केलेली वेदनाशामके त्यात भाग घेत होती. तेव्हा खेळात गुंतलेले मूल केवळ विसरत नाही, त्याला त्या वेळी खरोखरच कमी दुखते, असे म्हणायला आधार आहे.

मात्र फाटक लोटलेले असते, भिंत बांधलेली नसते. खेळ थांबला, झोप आली, लघवीची कळ आली की ते पुन्हा उघडते. म्हणून दिवसा हसरे मूल रात्री कण्हते, आणि घरच्यांना ते नाटक वाटते.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की पहिले काही दिवस औषध घड्याळावर द्यावे, रडण्यावर नव्हे. पॅरासिटामॉलचे प्रमाण साधारणपणे दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा असे असते, पण तुमच्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच द्या. बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे एकाच नावाचे सिरप ५ मिलिलिटरला १२० आणि ५ मिलिलिटरला २५० अशा दोन ताकदींत मिळते, दुकानदार जे हाती लागेल ते देतो, आणि चमचा तोच राहिला की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. शस्त्रक्रिया मूत्रपिंडाची आहे म्हणून आयब्युप्रोफेन आपल्या मनाने मुळीच देऊ नका, आणि अ‍ॅस्पिरिन तर मुलांना द्यायचेच नसते. स्टेंटच्या कळेसाठी मूत्राशय सैल करणारे वेगळे औषध असते, ते चिठ्ठीत नसेल तर शल्यविशारदांना विचारा, कारण त्या कळेवर पॅरासिटामॉल एकटे पुरे पडत नाही. औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने खेळ, चालणे, पट्टी, जे असेल ते करा. औषधाआधी खेळवायला बसलात तर मूल चिडेल, आणि खेळ कामाचा नाही असा निष्कर्ष तुम्ही काढाल.

ताप, वारंवार उलटी, लघवीत गाठी किंवा लालभडक रक्त, सहा-आठ तास लघवीच न होणे, कुशीला वाढती सूज, अथवा आवडती गाडी समोर ठेवूनही मूल तिच्याकडे न पाहणे, यांतले काहीही दिसले तर खेळ बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

थोडे विषयांतर करतो, पण ते इंदूरच्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांना दुखत नाही हा समज केवळ आज्यांचा नव्हता, तो आमच्या धंद्याचा होता. १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना वेदनाशामक जवळजवळ दिले जात नसे. त्यांच्या नसा अपक्व आहेत, त्यांना जाणवत नाही, असे मानले जाई. ऑक्सफर्डमध्ये एका तरुण डॉक्टरने अशा बाळांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके मोजली, फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या आणि न मिळालेल्या बाळांची तुलना केली, आणि १९८७ साली दाखवून दिले की वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या शरीराचा प्रतिसाद कितीतरी तीव्र असतो आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना त्रासही अधिक होतो. त्या डॉक्टरांचे नाव के. जे. एस. आनंद, आणि त्यांचे वैद्यकीय शिक्षण इथल्याच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात झाले. सासूबाईंना हे जरूर सांगा. गावच्या मुलाने लावलेला शोध म्हटला की माणसे वेगळ्या कानाने ऐकतात.

सुदामानगरचा बाबा

वरचे सगळे वाचले आणि पटलेही, पण आमचा अनुभव थोडा उलटा आहे म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली. कोणीतरी सांगितले होते की मुलाला खेळात गुंतवा, म्हणून मी सापशिडी, पत्ते, बाहुल्या, सगळे घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या मागे लागलो. तिने एकदा फासा टाकला आणि पट उलटा करून भिंतीकडे तोंड केले. तिला कोणताही खेळ नको होता. तिला माझ्या मांडीवर डोके ठेवून पडून राहायचे होते आणि मी फक्त बसून राहावे अशी तिची अपेक्षा होती. ते दोन दिवस मी मोबाइलवर तिला हत्तींचे व्हिडिओ दाखवले आणि त्यानेच ती गार दूध प्यायली. तेव्हा मोबाइलला सरसकट नावे ठेवू नयेत, आणि आजारी मुलाला खेळायलाच हवे अशी सक्तीही करू नये. खेळवणे हे आणखी एक औषध होऊन बसते आणि बाप त्याचा कंपाउंडर.

रामबागेतील बालवाडी

दादा, तुमचे शेवटचे वाक्य मी आमच्या बालवाडीच्या भिंतीवर लावायला हवे. जो मोठ्यांनी ठरवून, वेळ लावून मुलाकडून करून घेतला तो खेळ उरतच नाही. पहिले दोन दिवस मांडी, कुरवाळणे आणि हळू आवाजातली गोष्ट हाच खेळ. मूल तळहात पुढे करील तर त्यावर बोटाने मोर नाचवावा, नाही तर तेही राहू द्यावे. मोबाइलबद्दल माझे मत असे की सुई टोचताना, पट्टी काढताना, म्हणजे दोन-पाच मिनिटांच्या कामाला तो चांगला. थंडगार पाण्यात मुलांना हात बुडवायला लावून जे प्रयोग झाले आहेत, त्यांतही नुसते चित्र पाहणाऱ्या मुलांपेक्षा स्वतः हाताने खेळ खेळणाऱ्या मुलांना हात अधिक वेळ पाण्यात ठेवता आला. दिवसभर पडद्यासमोर ठेवलेले मूल मात्र हलत नाही, पाणी पीत नाही आणि लघवी अडवून बसते, आणि या मुलाच्या बाबतीत नेमके तेच नको आहे.

सूनबाई, तुम्ही पांढऱ्या कापसाबद्दल जे लिहिले आहे, माझ्या दृष्टीने खरे दुखणे तिथे आहे. चौघांनी धरले तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हते. म्हणून खेळात सगळे त्याच्या हातात द्या. घरातले एखादे अस्वल किंवा जुनी बाहुली घ्या. रुग्णालयातून उरलेला कापूस, चिकटपट्टी, वापरलेली नसलेली आणि अर्थातच सुई नसलेली सिरिंज, हे सामान एका ताटात घालून त्याच्यापासून चार हात दूर जमिनीवर ठेवा आणि तुम्ही तांदूळ निवडत बसा. बोलावू नका. तो आज येणार नाही, उद्या कदाचित येईल. आल्यावर बहुतेक मुले पहिल्यांदा बाहुलीला टोचतात, आणि फार वेळा टोचतात. आमच्याकडे एक मुलगा होता, हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर बालवाडीत परत आलेला, त्याने सशाला ओळीने अठरा इंजेक्शने दिली आणि प्रत्येक वेळी बजावले की रडायचे नाही. मी न राहवून म्हटले की सशाला दुखत असेल तर रडू दे की. त्याने हात थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि सशाला म्हणाला, 'बरं, रड.' एकोणिसावे इंजेक्शन त्याने दिले नाही. असे टोचणे पाहून मूल दुष्ट झाले असे समजून थांबवू नका. जे आपल्यावर झाले ते दुसऱ्यावर करून पाहताना मूल ते आपल्या मापाचे करून घेते.

हा विचार नवा नाही. मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीत तयार झालेल्या व्हिएन्नाच्या एम्मा प्लँक यांनी १९५५ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या रुग्णालयात आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचा वेगळा विभाग सुरू केला, आणि आज तिकडच्या बालरुग्णालयांत खेळाची वेगळी, शिकलेली माणसे नेमलेली असतात. आपल्याकडे ते काम आईवरच पडते. तिकडचा एक नियम मात्र घरीही पाळण्यासारखा आहे : जिथे खेळ चालतो तिथे दुखणारे काहीही करायचे नाही. पलंग त्याच्या खेळाची जागा असेल तर पट्टी दिवाणखान्यात बदला, म्हणजे निदान एक जागा त्याला निर्धास्त राहील.

स्टेंट काढायच्या तयारीविषयी माझा अनुभव असा की चार वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगू नये, आणि रिक्षात बसल्यावरही सांगू नये. एक-दोन दिवस आधी, अस्वलाच्या निमित्ताने सांगावे. अस्वलाच्या पोटातली नळी काढायची आहे, डॉक्टर त्याला झोपेचा वारा देतील, तो झोपेल, नळी निघेल, तो उठेल तेव्हा आई जवळ असेल. यातले शेवटचे वाक्य रुग्णालयाला विचारूनच बोला. ते त्याला खोटे ठरू देऊ नका. 'अजिबात दुखणार नाही' असेही म्हणू नका. उठल्यावर पहिल्या एक-दोन लघव्यांना जळजळेल हे आधी सांगितलेले बरे. तोंडावरच्या मास्कसाठी कागदी पेल्याला बुडाशी भोक पाडून त्याने अस्वलाला आधी वारा द्यावा, मग वाटले तर स्वतःच्या तोंडाला लावून पाहावे.

आणि त्या सकाळी उपाशी ठेवायचे असेल तर भातुकली पुढ्यात ठेवू नका. मी एकदा ही चूक केली आहे. मूल लुटुपुटीचे पोहे वाढत होते, आणि मग त्याला खरे पोहे हवे झाले.

भूलवाला

भातुकलीच्या मुद्द्याला माझा जोरदार पाठिंबा. आणखी एक जोडतो. भूल देताना आई किंवा वडील मूल झोपेपर्यंत आत थांबू शकतात का, अस्वल आत आणता येते का, हे भूलपूर्व तपासणीच्या दिवशीच विचारा. पुष्कळ ठिकाणी परवानगी मिळते, फक्त कोणी विचारत नाही. अस्वल धुतलेले असावे.

राजेंद्रनगरची सून

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. तीन आठवडे कसे गेले कळले नाही.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसे त्या दिवशी मी नुसती बसून पाहिले. गाडी उजव्या हाताने ढकलत होता आणि डावा कोपर कुशीला चिकटलेला होता. गाडी उशीपलीकडे गेली तेव्हा त्याने ती आणली नाही, दुसरी घेतली. मी सासूबाईंना काही बोलले नाही, फक्त शेजारी बसवून घेतले. पाच मिनिटांनी त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन आल्या. आता हिशोब त्यांच्याकडेच असतो. पहिल्या रात्री त्याने तीन दिले होते, दहा-बारा दिवसांनी एकावर आला, आणि सध्या फक्त लघवीच्या शेवटी अर्धा असतो. अर्धा चिंचोका कसा द्यायचा यावर दोघांचा बराच वाद झाला.

शल्यविशारदांना विचारले तेव्हा स्टेंटच्या कळेचे औषध सुरू करायचे राहून गेले होते असे कळले. ते सुरू झाल्यावर दोन दिवसांत रात्रीचे कण्हणे जवळजवळ थांबले. घरात सिरपच्या दोन बाटल्या होत्या आणि दोन्ही वेगळ्या ताकदीच्या निघाल्या, त्यातली एक मी बाजूला काढली.

साबणाचे फुगे लघवीला फारच कामी आले, मात्र चौथ्या दिवशी न्हाणीघराची फरशी इतकी निसरडी झाली की माझाच पाय घसरला. आता तिथे फुग्यांऐवजी कागदाचे भिरभिरे फुंकतो. टँकरचा खेळ दोन दिवस चालला आणि मग त्याला कंटाळा आला. त्याऐवजी त्याने स्वतःच कचरागाडी काढली. सकाळी घराच्या प्रत्येक खोलीपुढे उभा राहून आवाज देतो, आजोबांचे वर्तमानपत्र सुक्यात आणि माझ्या भाजीची देठे ओल्यात घेतो, आणि प्रत्येक दारात गाडीला 'डिझेल' म्हणून दोन घोट पाणी लागते. आधी वाकून चालायचा, आता सरळ चालतो.

कापसाचे ताट तीन दिवस तसेच पडून होते. चौथ्या दिवशी तो आला, पण अस्वलाला टोचले नाही. सिरिंजमध्ये पाणी भरून त्याने अस्वलाची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक काढली, रंगपंचमीला राजवाड्यावर पाहिली होती तशी, वरून फवारे आणि तोंडाने ढोल. अस्वल, गादी आणि मी, तिघेही भिजलो. पट्टी त्याने त्यानंतर केली, ओल्या अस्वलाला, आणि ती टिकत नाही म्हणून पाच वेळा केली. रुग्णालयात शेवटची पट्टी काढायला गेलो तेव्हा चिकटपट्टीचे एक टोक मी सोडवीन असे त्याने सिस्टरांना सांगितले, त्यांनी सोडवू दिले, आणि या वेळी कोणालाही धरावे लागले नाही. रडला, पण हात स्वतःच्याच ताब्यात ठेवून रडला.

स्टेंट गुरुवारी काढायचा आहे. तो झोपेपर्यंत आई आत थांबू शकते असे विचारल्यावर सांगितले, अस्वलालाही हरकत नाही. अस्वल काल धुऊन गच्चीवर वाळत घातले आहे. मुलाला मंगळवारी सांगायचे ठरवले होते, पण वाळत घातलेले पाहून त्याने आजच विचारले की याला कुठे न्यायचे आहे. मी खरे ते सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला की मग याचा नंबर आधी लावा.